डोह आणि पदवी

जुलै 2021 मध्ये मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले. 14 सप्टेंबरला वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून 11 माणसे बुडाली. 2005 च्या कायद्याने आपत्ती व्यवस्थापनाची जिल्हा प्राधिकरणे आली, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्याची पदव्युत्तर पदवीही मिळते. वऱ्हाडच्या तरुणांनी ती जरूर घ्यावी. परंतु पिंजरचे संत गाडगेबाबा शोध व बचाव पथक पुरात उतरते ते स्वयंसेवकांच्या बळावर. या अनुभवाला प्रवेशात आणि नेमणुकीत गुण का नसावेत? भोयाच्या मुलाने डोहात उतरायचे आणि पदवीधराने अहवाल लिहायचा, ही तर जुनीच वर्णव्यवस्था! अमरावती विद्यापीठाने अशा पट्टीच्या पोहणाऱ्यांना मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे.