मनगटावरचा पंच

स्मार्टवॉच न बांधता पोहणारा माणूस नुसता पाण्यात खेळतो, असं एका सुशिक्षित गृहस्थांचं ठाम मत आहे. बेंगळुरूच्या उंच इमारतींत असे गृहस्थ मजल्यागणिक एक भेटतात. त्यांचं म्हणणं असं: मोजल्याशिवाय सुधारणा नाही, घड्याळावर '५० मीटर' छापलंय, म्हणजे पाण्याची भीती नाही, अंतर, वेग, हृदयाचे ठोके सगळं मनगटावरच मिळतं, मग प्रशिक्षकाची फी कशाला भरायची?

ते ५० मीटर प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचे असतात, तेवढं खोल जायचा तो परवाना नव्हे. शिवाय सील कायम टिकत नाही, हे बनवणारेच बारीक अक्षरांत सांगून मोकळे होतात. ठोके हिरव्या प्रकाशाने मोजले जातात; त्वचा आणि घड्याळ यांच्यामध्ये पाणी शिरलं की उरतो अंदाज. गर्दीच्या लेनमध्ये शेजाऱ्याला बसणारा धातूचा फटका मात्र अंदाजे नसतो.

आता अंतर. या मुद्द्यावर मी हटणार नाही. तलावात ते घड्याळ ना पाणी बघतं, ना भिंत. मनगट कसं हलतं यावरून ते हात मोजतं, हातांची लय तुटून अंग वळलं की एक लांबी धरतं, आणि तुम्हीच आधी भरलेल्या तलावाच्या लांबीनं गुणतं. म्हणजे तुम्ही सांगितलेलंच तुम्हाला गुणून परत देतं. आमच्याकडच्या अपार्टमेंटांतले तलाव शोभेसाठी बांधलेले, कुठे वाटोळे, कुठे काजूच्या आकाराचे. समजा तलाव १८ मीटरचा आहे आणि घड्याळात २५ भरलेत. ४० लांब्या मारल्या की फोन १००० मीटरबद्दल अभिनंदन करतो, अंग ७२० मीटरच पोहलेलं असतं. उरलेले २८० मीटर कुठल्या पाण्यात पोहले, ते विचारू नये. किकबोर्ड धरून पायांचा सराव करा: हात स्थिर, म्हणून बऱ्याच घड्याळांच्या लेखी तुम्ही काठावर बसलेले. पाय भरून येतात आणि खात्यावर शून्य. मग माणूस काय करतो? किकबोर्ड सोडून देतो. जे मोजलं जातं तेवढंच पोहायचं! आणि ते बांधलेलं असतं एकाच मनगटावर. दुसरा हात पाण्यात काय गोंधळ घालतोय, याची त्याला खबरही नसते.

रोजच्या दहा हजार पावलांवरून त्या गृहस्थांशी माझं हेच भांडण झालं होतं. तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलाय, एवढंच मी म्हटलं होतं. त्यांनी मला प्रगतीचा शत्रू ठरवलं. मार्च २०२४ मध्ये टंचाईमुळे शहराच्या पाणीपुरवठा मंडळानं पोहण्याच्या तलावांत पिण्याचं पाणी वापरायला बंदी केली, ५,००० रुपये दंड ठेवला, तेव्हाही यांची हळहळ आलेखात पडलेल्या खंडाबद्दल होती.

मग माझं म्हणणं काय? थोडकंच आहे. कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे याच बेंगळुरूत प्रशिक्षक निहार अमीन यांच्या हाताखाली घडला, २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य घेऊन आला. पोहण्यातलं आशियाई पदक भारताला २४ वर्षांनी मिळालं होतं. अ‍ॅपलनं पोहताना घालता येईल असं घड्याळ आणलं ते त्यानंतर, २०१६ मध्ये. मोजायला माझी ना नाही. काठावरच्या माणसाच्या हातातलं स्टॉपवॉच मोजतंच. पण त्या माणसाला तुमचा कोपर खाली पडतोय हेही दिसतं, आणि तो तसं ओरडून सांगतो. माणूस नसेल तर भिंतीवर मोठ्या सेकंदकाट्याचं घड्याळ लावा. निघताना काटा बघायचा, पोहोचल्यावर बघायचा, वीस सेकंद दम खायचा, पुन्हा निघायचं.

सोसायटीच्या पुढच्या सभेत असं घड्याळ घ्यायचा प्रस्ताव मी मांडणार आहे. त्याचे आकडे फोनमध्ये उतरत नाहीत, हा गृहस्थांचा आक्षेप आधीच माझ्या कानावर आलाय. तो नोंदवून घ्यावा. आणि घड्याळाखाली तलावाची खरी लांबी ठळक रंगात लिहून घ्यावी, अशी एक पुरवणी मी प्रस्तावाला जोडली आहे.