ओएनजीसीचा शेअर: नफा, धोका आणि हलाल-हरामचा हिशोब

आपल्या घरांमध्ये बचत कुठे ठेवायची, हा प्रश्न नेहमीचाच. बँकेतल्या ठेवीवर व्याज येतं, म्हणून अनेकजण सोनं किंवा प्लॉट घेतात. अलीकडे तरुण मुलं मोबाईलवरून शेअर घेऊ लागली आहेत आणि त्यांच्या यादीत ओएनजीसी हमखास असतो. सरकारी कंपनी, चांगला डिव्हिडंड आणि धंदा तेलाचा, म्हणजे दारू किंवा जुगाराचा नाही. मग घ्यायला हरकत काय?

आधी धंदा पाहू. देशातल्या कच्च्या तेलाचा मोठा वाटा हीच कंपनी काढते. पण तिचा कणा असलेलं मुंबई हाय १९७४ साली सापडलं. जुन्या विहिरींचं उत्पादन घटत जातं. ते सावरायला २०२५ च्या जानेवारीत ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक मदतीसाठी निवड झाली. बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या नव्या क्षेत्रातून २०२४ च्या जानेवारीत तेल निघू लागलं. म्हणजे आशा आहे, पण ती उत्पादनाच्या आकड्यांत दिसायला हवी.

दुसरी गोष्ट भावाची. तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. तो वाढला की कंपनीचा फायदा, पण तिथेही सरकार मध्ये येतं. जुलै २०२२ मध्ये जादा नफ्यावर विशेष कर लागला, तो डिसेंबर २०२४ मध्ये हटला. जुन्या क्षेत्रांतल्या गॅसच्या दरालाही २०२३ पासून कमाल मर्यादा आहे. निम्म्याहून जास्त शेअर सरकारकडेच आहेत. २०१८ मध्ये ओएनजीसीने हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारचा हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला आणि त्यासाठी कर्ज काढावं लागलं. लहान भागधारकाला या निर्णयांत आवाज नसतो.

आता शरियतचा मुद्दा. धंदा हलाल असला म्हणून शेअर आपोआप हलाल ठरत नाही. बहुतेक निकषांत व्याजाचं कर्ज साधारण ३० ते ३३ टक्क्यांच्या आत आणि नाजायज उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत असावं लागतं. ओएनजीसीच्या बाबतीत एकट्या कंपनीचा हिशोब वेगळा आणि उपकंपन्या धरून एकत्रित हिशोब वेगळा. त्यामुळे शरिया निर्देशांकाच्या यादीत कंपनी आज आहे का, हे घेण्याआधी पाहावं आणि पुढेही तपासत राहावं. व्याजातून आलेला हिस्सा सवाबाची नियत न ठेवता गरिबांना द्यावा. जकातीचा हिशोबही मुफ्तींना विचारूनच करावा, कारण विकण्यासाठी घेतलेला शेअर आणि डिव्हिडंडसाठी ठेवलेला शेअर यांचा मसला वेगळा आहे.

आमच्या मते सर्वात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल आखाती देशांतल्या पगारावर चालते. तेल पडलं की तिथली कामं थांबतात, माणसं परत पाठवली जातात. नेमका त्याच वेळी तेल कंपनीचा शेअरही पडतो. २०२० मध्ये दोन्ही एकदम झालं. कमाई तेलावर आणि बचतही तेलावर, म्हणजे एकाच होडीत सगळं कुटुंब.

म्हणून ज्यांच्या घरात आखातचा पैसा येतो, त्यांनी असा शेअर घेतलाच तर बचतीच्या लहान हिश्श्यातून घ्यावा. मुलीच्या लग्नाचे, हजचे किंवा फीचे पैसे त्यात घालू नयेत. आणि उधार घेऊन तर मुळीच नको.