पुस्तकावर किंमत हवी

यंदाच्या दिवाळी अंकात वसई, नगर आणि जालना भागांतल्या ख्रिस्ती लेखकांच्या कथा-कविता आहेत. अनुक्रमणिकेत त्या शोधाव्या लागतील, कारण त्यांचा वेगळा विभाग आम्ही केलेला नाही. ‘ख्रिस्ती साहित्य विशेष’ अशी चौकट टाकली असती, तर जाहिरातीला एक ओळ मिळाली असती आणि निम्म्या वाचकांनी ती पाने उलटून पुढचे राशिभविष्य गाठले असते.

साहित्य मागवताना जो पत्रव्यवहार झाला, त्यात एक प्रश्न फिरून फिरून आला. आमचा संग्रह तयार आहे, छापणार कोण? दोन दारे ठोठावून झालेली असतात. चर्चशी संबंधित प्रकाशन विचारते, यात बोध काय आहे? पुण्या-मुंबईचा प्रकाशक विचारतो, आमच्या वाचकाला यातले वातावरण कळेल का? एकाला कथेत प्रवचन कमी पडते, दुसऱ्याला चर्च जास्त होते. कथा बरी आहे की वाईट, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही आणि लेखकाला नेमके तेच ऐकायचे असते.

ही कोंडी जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. मराठी ओवीत त्यांनी ख्रिस्तपुराण रचले. ते मराठी अक्षरांत छापावे अशी त्यांची इच्छा होती. 1608 साली रोमला पत्र लिहून त्यांनी त्यासाठी छपाईचे खिळे पाडण्याची परवानगीही मागितली. खिळे झाले नाहीत. 1616 साली ग्रंथ रोमन लिपीत छापून निघाला आणि देवनागरीत तो आला थेट 1956 साली, शांताराम बंडेलूंच्या संपादनात. म्हणजे ओवीला आपल्या लिपीत यायला 340 वर्षे लागली. संग्रहाला प्रकाशक मिळत नाही म्हणून खंतावलेल्या कवीने हा आकडा उशाशी ठेवावा.

पुढे मिशनांनी छापखाने आणले आणि चित्र पालटले. गणपत कृष्णाजींनी मिशनचा छापखाना पाहून स्वतःचा उभा केला. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करीत होते. 1842 साली नगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. 1857 साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. मराठी छपाईने आपले पहिले धडे मिशनच्या आवारात गिरवले, आणि त्याच आवारातला लेखक आज मराठी प्रकाशकाच्या दारात परका म्हणून उभा आहे. हे घडले कसे?

माझे उत्तर अनेकांना आवडणार नाही. मिशनने पुस्तके फार स्वस्त दिली, पुष्कळदा फुकट वाटली. मुंबईची ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी 1827 सालची. वाटण्यासाठी छापायचे हे तिचे कामच होते आणि त्या हेतूला दोष देण्यात अर्थ नाही. पण फुकट मिळणारे पुस्तक दुकानदार कशाला ठेवील? बाजाराची वाट मराठी पुस्तकाने एकोणिसाव्या शतकात तुडवून तयार केली. ख्रिस्ती पुस्तकाला त्या वाटेवर चालण्याची गरजच पडली नाही. त्याला वाचक मिळाला, गिऱ्हाईक मिळाले नाही. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनांचा हात आखडत गेला, तेव्हा लेखकाच्या पाठीशी ना मिशन उरले, ना दुकान.

दुसरा वारसा याहून जड आहे, तो म्हणजे बोधाचा शेवट. ‘यमुनापर्यटन’ आजही वाचवते ते यमुनेला प्रवासात भेटणाऱ्या विधवांमुळे. त्यांची दैना पदमनजींनी डोळे उघडे ठेवून लिहिली. अखेरीस यमुना ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. तिथे कादंबरीकार खाली बसतो आणि उपदेशक उभा राहतो. आमच्याकडे आलेल्या कथांतही हा उपदेशक भेटला. दारुडा बाप नाताळच्या रात्री सुधारतो, भांडलेले भाऊ मिस्सा संपता संपता गळ्यात पडतात. अशा कथा आम्ही परत पाठवल्या. त्या ख्रिस्ती होत्या म्हणून पाठवल्या नाहीत. सत्यनारायणाच्या प्रसादाने सुधारणारा दारुडाही आम्ही दरवर्षी परत पाठवतो.

ज्या घेतल्या त्यांत वेगळेच जग आहे. वाडी बिल्डरला द्यायची की नाही यावरून जेवणाच्या टेबलावर अबोला धरलेले वसईचे घर आहे. पहाटेच्या लोकलने दादरला फुले नेणारी बाई आहे. मराठवाड्यातला एक पोरगा आहे, ज्याच्या आजोबांनी महारवाड्यातून चर्चची वाट धरली. गावाने त्यांची जात शाबूत ठेवली आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत ख्रिस्ती दलितांना दिली नाही. त्या पोराच्या हातातला दाखल्याचा अर्ज हाच कथेचा विषय. यातले वातावरण मराठी वाचकाला कळणार नाही असे म्हणणारा प्रकाशक आपल्या वाचकाला फारच कमी ओळखतो. ‘मिस्सा’ आणि ‘पाळक’ यांना तळटीप मागणाऱ्या मंडळींनी रशियन कादंबऱ्यांची भाषांतरे समोवारची चौकशी न करता वाचली आहेत.

आणि या वाचकाने ख्रिस्ती लेखक याआधी डोक्यावर घेतलेलेच आहेत. रेव्हरंड टिळकांची कविता सर्वांची झाली. बालकवी नगरला त्यांच्या घरी राहिले. 1912 पासून टिळकांनी ‘ज्ञानोदय’चा मराठी विभाग सांभाळला, पण त्यांची फुलांवरची, मुलांवरची कविता तेवढ्याच वर्तुळात अडकून पडली नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे उदाहरण तर पाठ करून ठेवावे असे आहे. ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात भागाभागांनी आली. आईने आठवणी लिहाव्यात म्हणून देवदत्तांनी लकडा लावला आणि तिच्या मृत्यूनंतर शेवटचा भाग मार्गी लावला. पतीच्या अपुऱ्या ‘ख्रिस्तायना’त लक्ष्मीबाईंनी 64 अध्यायांची भर घातली, तरी घराघरांत पोहोचल्या त्या आठवणी. त्यांत धर्मांतर आहे, प्रार्थना आहे, पण बोधाचा लवलेश नाही. सोवळ्याओवळ्याचे भूत उतरतानाही बाई स्वतःला हसतात. वाचकाला धर्माची अडचण कधीच नव्हती.

अलीकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. वसईच्या ‘सुवार्ता’ या नियतकालिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. त्यांची पुस्तके राजहंससारख्या प्रकाशनाने काढली, ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून आरडाओरडही झाली. संमेलन व्हायचे ते झाले. पण त्यांच्या यशाने एक गैरसमजही पसरला, की ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती धर्माविषयीच लिहावे. प्रकाशक आता बायबलविषयी पुस्तक मागतात. कथा मागणारा अजून भेटायचा आहे.

मग करायचे काय? संपादकाने सल्ला देऊ नये असा संकेत आहे, पण विचारणाऱ्यांची संख्या पाहता तो आज बाजूला ठेवतो. संग्रहाची घाई करू नका. आधी एकेक कथा नियतकालिकांना, दिवाळी अंकांना पाठवा आणि नाताळ अंकाबाहेर पाठवा. चार संपादकांनी छापलेली कथा प्रकाशकापुढे स्वतःची ओळख स्वतः घेऊन जाते. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित तपासले जाते, पाळकांचे शिफारसपत्र लागत नाही. लेखकाचेच पैसे घेऊन पुस्तक काढणारे प्रकाशन गाठलेत, तर छपाईच्या दराआधी एवढे विचारा, की हे पुस्तक कोणत्या दुकानात दिसेल. उत्तर गुळमुळीत आले तर चहा पिऊन उठा. कवींना अधिक काही सांगण्यासारखे नाही. कवितासंग्रह विकला जात नाही हे मराठीतले सर्वधर्मीय दुःख आहे.

आणि पुस्तक निघालेच, तर प्रकाशन समारंभात मंडळीतल्या प्रत्येकाच्या हातात प्रत ठेवू नका. छापलेली किंमत घ्या. सवलत द्या हवी तर, पण दोन पैसे घ्या. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनी खिळे जुळवून अख्खे बायबल छापले. श्रमाची एवढी परंपरा असलेल्या समाजाने आपल्या कवीचे पुस्तक भेट म्हणून मागणे शोभत नाही. मागणारे पहिले नातेवाईक असतात, हे मात्र सर्व धर्मांत सारखे आहे.

पुढच्या वर्षीच्या अंकासाठी कथा-कविता जूनअखेरपर्यंत याव्यात. मानधन देतो, थोडे देतो, उशिरा देतो, पण देतो. सोबत परिचयाच्या चार ओळी पुरेत. कथा कोणत्या चर्चमध्ये वाचून दाखवली होती आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, हे कळवले नाही तरी चालेल.

वाचकांना, लेखकांना, जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. वसई-नगर-जालन्याच्या मित्रांना नाताळच्याही, आगाऊ.