पिशवी हातासरशी काढू नका

हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने दोन्ही अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून घेतल्या आणि मार्च 2015 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याविषयी लिहिले. तिच्या बीआरसीए-1 या जनुकात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष होता. आई अंडाशयाच्या कॅन्सरने 56व्या वर्षी गेली होती. गर्भाशय मात्र तिने ठेवले. घराण्यात गर्भाशयाचा कॅन्सर कुणाला नव्हता, हे तिचे कारण. शस्त्रक्रियेनंतर तिने इस्ट्रोजेनची पट्टी वापरली आणि गर्भाशयात प्रोजेस्टेरॉन सोडणारे, कॉपर-टीसारखे साधन बसवून घेतले.

आपल्याकडे असा हिशोब क्वचितच मांडला जातो. ‘पोट उघडायचंच आहे, तर पिशवीपण काढून टाका. पोरंबाळं झाली, आता तिचं काय काम?’ असे घरचेच म्हणतात, आणि बाईही मान डोलावते.

पिशवीही काढण्याच्या बाजूने सबळ कारणे आहेत. अंडाशय गेले की ऐन चाळिशीत एकदम रजोनिवृत्ती येते. अंगाची लाही होते, हाडे ठिसूळ होतात. त्यासाठी इस्ट्रोजेन द्यावे, तर गर्भाशय असलेल्या बाईला नुसते इस्ट्रोजेन चालत नाही. त्याने आतले अस्तर वाढून कॅन्सरचा धोका निर्माण होतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन लागते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या जोडगोळीने स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण वाढल्याचे 2002 मध्ये दिसले; गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये नुसत्या इस्ट्रोजेनने ते वाढले नाही. ‘लिंच सिंड्रोम’ हा आनुवंशिक दोष असेल, तर गर्भाशयालाच मोठा धोका असतो. बीआरसीए-1 मध्येही गर्भाशयाच्या कॅन्सरच्या एका दुर्मीळ, आक्रमक प्रकाराचा धोका किंचित वाढलेला दिसतो.

पण अशी कारणे नसतील तर? गर्भाशय काढायचे म्हणजे शस्त्रक्रिया वाढते, मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होण्याची शक्यता वाढते, अंथरूणही लांबते. शिवाय गर्भाशय शाबूत असेल, तर अंडाशय गेल्यावरही गोठवलेल्या भ्रूणातून किंवा दात्या स्त्रीच्या बीजातून मूल होऊ शकते. तिशीतल्या बाईला हे आधी कळायलाच हवे.

बीडच्या ऊसतोड मजूर स्त्रियांचा विषय वेगळा, पण सवय तीच. 2019 च्या सरकारी पाहणीत सुमारे 82 हजार जणींपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली.

म्हणून संमतीपत्रावर एकच मोघम ओळ नको. अंडाशय का काढायचे, गर्भाशय का काढायचे किंवा ठेवायचे आणि पुढे कोणते हार्मोन किती वर्षे घ्यावे लागेल, हे डॉक्टरांनी मराठीत वेगवेगळे लिहून द्यावे. सही त्यानंतर.