तोल गेला म्हणजे ‘घेतलेली’च असे नव्हे!

भरदुपारी रस्त्याने एखादा माणूस झोकांड्या खात चालला, बोलताना त्याची जीभ अडखळली, की आपण निकाल देऊन मोकळे होतो : ‘घेतलेली दिसतेय!’ रिक्षा थांबत नाही, बसमधला शेजारी अंग चोरून बसतो, पोरे फिदीफिदी हसतात. या माणसाने जन्मात दारूला स्पर्शही केला नसेल, ही शक्यता कुणाच्या मनाला शिवत नाही.

वैद्यकशास्त्र या अवस्थेला ‘अ‍ॅटॅक्सिया’ म्हणते. स्नायूंत बळ असते. पण कोणत्या स्नायूने केव्हा, किती जोर लावायचा, याचा मेळ सुटतो. हा मेळ राखण्याचे काम मुख्यतः डोक्याच्या मागील भागातला लहान मेंदू करतो. दारूही त्यालाच गुंगी आणते, म्हणून दोन्ही चाली सारख्या दिसतात. फरक इतकाच, की पिणाऱ्याची चाल सहसा सकाळी सरळ होते; याची होत नाही.

कारणे अनेक. मेंदूतील गाठ, डोक्याला मार, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचा अभाव, वर्षानुवर्षांचे मद्यपानही. काहींवर वेळीच उपचार होतात. काही प्रकार आनुवंशिक असतात. जर्मनीतील हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३ पासून वर्णिलेला प्रकार बहुधा शाळकरी वयात सुरू होतो. त्यात सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून येते, आणि दोघेही स्वतः धडधाकट असतात. तेव्हा सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावणाऱ्यांनी जिभेला आवर घालावा. हे जनुक १९९६ साली सापडले. २०२३ साली अमेरिकेत त्यावरील पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. ते रोग बरा करीत नाही, त्याचा वेग कमी करू शकते.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दीर्घकालीन मज्जाविकारांना अपंगत्वाच्या यादीत जागा दिली. पण कायदा दाखला देतो, नजर देत नाही. ती आपल्यालाच कमवावी लागेल.

आणि हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. धडधाकट माणसाचा तोल अचानक गेला, बोलणे बोबडे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे एकेक मिनिट मोलाचे असते. ‘उतरेल, झोपू द्या’ म्हणणारा शेजारी नकळत त्याच्या जिवाशी खेळतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी डुलताना दिसला, तर नाकाला रुमाल लावण्याआधी दोन पावले पुढे व्हा. ‘काका, हात देऊ का?’ एवढेच विचारा. तो खरोखरच प्यालेला निघाला, तरी आपले काय बिघडणार आहे?