मानधन नको, वेतन द्या!

वैरागच्या पेठेंत बाजाराच्या दिवशीं हमालास विचारा, गवंड्यास विचारा, तुरीच्या राशीवर राबणाऱ्या बाईस विचारा. तुझी मजुरी किती, असें म्हणतांच तीं माणसें आंकडा सांगतील. आंकडा लहान असेल, पण ती मजुरी आहे; ती मागतांना कोणाची मान खालीं जात नाहीं. परंतु याच माणसांचीं तीन ते सहा वर्षांचीं लेंकरें सकाळीं ज्या बाईच्या स्वाधीन होतात, तिला मजुरीहि नाहीं आणि पगारहि नाहीं. तिला मिळतें तें 'मानधन'. शब्द मोठा गोड आहे. पण गोड शब्दांच्या पुडींत बहुजनसमाजाला आजपर्यंत काय काय बांधून देण्यांत आलें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालापासून बोर्डीस बालशिक्षणाचें काम आरंभिलें. गरिबांचीं मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेऊं, या विचारांतून 'अंगणवाडी' जन्मास आली. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. मुलांना आहार देणें, त्यांचें वजन करणें, लसीकरणास हातभार लावणें, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांची काळजी वाहणें, हें सारें अंगणवाडीकडे आलें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें हा आहार मुलांचा हक्क ठरविला. म्हणजे मुलाचा घास हक्काचा झाला; घास भरविणारीची भाकरी मात्र अद्याप मेहेरबानीचीच राहिली!

आतां आंकडे पाहूं. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र सरकारनें सेविकेचें मानधन ४,५०० रुपये व मदतनीस बाईचें २,२५० रुपये ठरविलें, आणि पुढें सात वर्षें तो आंकडा जागचा हलला नाहीं. त्यांतहि केंद्राचा वांटा शेंकडा ६०; म्हणजे सेविकेमागें २,७०० रुपये. बाकीचें ओझें राज्यावर. महाराष्ट्रांत सेविकेस एप्रिल २०२३ पासून १०,००० व ऑक्टोबर २०२४ पासून १३,००० रुपये झाले. मदतनीस बाईस ५,५०० चे ७,५०० झाले. निकष पुरे केल्यास प्रोत्साहन भत्ता निराळा. ही वाढ झाली तिचें आम्ही स्वागत करतों. पण ती कशी झाली, हें विसरतां येणार नाहीं. ४ डिसेंबर २०२३ पासून या बायांना जवळजवळ पन्नास दिवस संप करावा लागला. ते दिवस अंगणवाड्यांना कुलुपें होतीं आणि गरिबांचीं पोरें घासाविना होतीं. महागाई दर महिन्यास न बोलावतां येते. मानधनाची वाढ मात्र संपावांचून येत नाहीं, ही कसली रीत?

मदतनीस बाईचा हिशोब तर डोळ्यांत पाणी आणणारा आहे. २०२५-२६ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. सव्वीस दिवसांचे ८,११२ रुपये होतात. म्हणजे माती उपसणारीस जें मिळावें, त्याहून लेंकरें सांभाळणारीचें महिन्याचें मानधन कमी! मातीचें काम हलकें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तोहि घाम आमचाच आहे. पण मुलाची किंमत मातीहून कमी कोणीं ठरविली, एवढेंच आम्ही विचारतों.

कोणी म्हणतील, अंगणवाडीचें काम चार-पांच तासांचें. अशा गृहस्थांनीं एक आठवडा सेविकेच्या मागें हिंडून पहावें. मुलें घरीं गेल्यावर गृहभेटी, वह्या, आणि २०२१ पासून मोबाईलवर पोषणाची नोंद. कोरोनाच्या दिवसांत घरोघर पाहणी तिनें केली. २०२४ सालीं लाडक्या बहिणींचे अर्ज तिनेंच भरले. मतदारयादीचेंहि काम पुष्कळ ठिकाणीं तिच्याच गळ्यांत पडतें. काम सांगतांना ती सरकारी, पगार मागतांना ती स्वयंसेविका! २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें पद सरकारी नोकरीचें नव्हे असें म्हटलें. परंतु त्याच न्यायालयानें २०२२ सालीं या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनेंहि योजनांत राबणाऱ्यांस किमान वेतन द्यावें अशी शिफारस केली होती. शिफारशी दप्तरांत राहिल्या आणि बाया रस्त्यावर.

पेशवाईंत श्रावणमासीं काम न करणारांस दक्षिणा वांटली जात असे, आणि घेणारे ती हक्कानें घेत. उलट गांवचा बलुतेदार वर्षभर राबून खळ्यावर हात पसरी. तरीहि त्याचें बलुतें ठरलेलें होतें. आज राबणाऱ्या बाईस तेवढीहि शाश्वती नसावी काय? जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें काय मागितलें तें आठवा. शेतकरीवर्गांतून शिक्षक तयार करा, त्यांस शिकवून तरबेज करा आणि पगार पोटापुरता द्या, निदान बारा रुपये, असें त्यांनीं स्पष्ट लिहून दिलें. बहुजनांचें पोर शिकावयाचें तर त्याचा शिक्षक उपाशी असतां कामा नये, हें त्यांनीं तेव्हांच ओळखलें होतें.

आणि हा प्रश्न केवळ बायांचा नाहीं. २०२३ पासून सेविका व मदतनीस होण्यास बारावी पास असावें लागतें. बारावी झालेली हुशार मुलगी अशा मानधनावर किती दिवस टिकेल? जिला दुसरें कांहीं साधेल ती सोलापूर-पुण्याचा रस्ता धरील. ज्यांचे हात पोंचतात त्यांचीं मुलें पैसे भरून इंग्रजी नर्सरींत जातात. मागें राहतें तें मजुराचें पोर, आणि दर दोन वर्षांनीं त्याच्यापुढें नवें तोंड. तीन वर्षांचें मूल मायेच्या ओळखीवर शिकतें. ती ओळखच तुटली तर खिचडी तेवढी राहील, शाळा राहणार नाहीं. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशासहि हें कळून चुकलें. बालसंगोपनाचीं माणसें टिकावींत म्हणून तेथील सरकारनें डिसेंबर २०२४ पासून प्रथम शेंकडा १० आणि वर्षानें १५ अशी पगारवाढ स्वतःच्या तिजोरींतून देऊं केली. संस्थांनीं फी मर्यादेबाहेर वाढवूं नये, अशी अटहि घातली. पैसा द्यावयाचा तो माणूस टिकविण्यासाठीं द्यावा, हा धडा घेण्यासारखा आहे.

आमची मागणी साधी आहे. केंद्रानें आपला आंकडा वाढवावा व त्यास महागाईचा निर्देशांक जोडावा. राज्यानें मदतनीस बाईचें उत्पन्न तरी किमान वेतनाच्या खालीं राहूं देऊं नये, आणि रक्कम महिन्याच्या ठरल्या तारखेस द्यावी. वैरागची नगरपंचायत व भोंवतालच्या ग्रामपंचायती यांनाहि हात झटकतां येणार नाहीं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा शेंकडा दहा भाग महिला व बालकल्याणासाठीं आहे. तो पैसा कोठें गेला, अंगणवाडीस पाणी, छप्पर, संडास आहे कीं नाहीं, हें प्रत्येक बापानें व आईनें येत्या ग्रामसभेंत उभें राहून विचारावें. जत्रेच्या वर्गणीचा हिशोब आम्ही पैन् पै मागतों. लेंकरांच्या पैशाचा कां मागूं नये?

सेविकांचा लढा सेविकांनींच लढावा आणि आपण ओट्यावर बसून पहावें, हें बहुजनसमाजास शोभत नाहीं. ज्या हातांनीं आपलीं पोरें पहिलें अक्षर गिरवितात, त्या हातांवर मान ठेवून धन काढून घेणारा हा शब्द आतां पुरे झाला. मान आम्ही देऊं. सरकारनें वेतन द्यावें.