मोहिनी उतरल्यावर

शनिवारची संध्याकाळ. बंगळुरूच्या मारतहळ्ळीत आउटर रिंग रोडवरची वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. अशा वेळी बाहेर पडण्यापेक्षा घरीच बसलेलं बरं, म्हणून पुण्या-कोल्हापूर-बेळगावहून नोकरीसाठी आलेली चार-पाच मुलं एखाद्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती जमतात. पत्ते नाहीत, कॅरम नाही. नुसते कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा एक फासा. समजा, त्यातल्या एकाची आई सांगलीहून चार दिवसांसाठी आली आहे. पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता तिच्या कानावर वादावादी पडते.

‘दरवानाला कळणारच!’

‘कसं कळेल? मंत्र लागू पडलाय ना त्याला!’

‘अरे, कुठल्या दरवानाचं काय चाललंय?’ आई विचारते.

खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली बाजारात आणला. एक जण सूत्रधार होतो. मुलं त्याला ‘डीएम’ म्हणतात. तो गोष्ट सांगतो. बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक होऊन त्या गोष्टीत शिरतात. बेत फसला की साधला, हे फासा ठरवतो. आता यांच्या मांत्रिकाला किल्ल्यात घुसायचं आहे. दारावरच्या पहारेकऱ्यावर त्याने मोहिनी घातली आणि पहारेकऱ्याने जुना दोस्त भेटावा तसं हसून दार उघडलं. काम फत्ते! पण तासाभराने मोहिनी उतरेल तेव्हा? आपल्याला भूल घातली होती, हे त्या गड्याला उमगेल का?

प्रश्न पोरखेळाचा वाटेल, पण त्यावर जगभरचे खेळाडू तासन्‌तास भांडतात. गंमत म्हणजे नियमांचं उत्तरही एक नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत साध्या मोहिनीचा अंमल तासभर टिकतो आणि उतरताच सावजाला कळतं की, या माणसाने आपल्याला मोहात पाडलं होतं. आणखी एक छोटा मंत्र आहे. तो मिनिटभरच चालतो. पण संपला रे संपला की समोरचा थेट वैरी होतो. याउलट मनात एखादी गोष्ट भरवून देणारा मंत्र आठ तासांपर्यंत टिकतो. पुस्तकातला दाखला असा की, एखाद्या सरदाराच्या मनात भरवायचं, वाटेत भेटेल त्या पहिल्या भिकाऱ्याला आपला घोडा देऊन टाक. अट एकच, सूचना वाजवी वाटली पाहिजे. नंतर त्या सरदाराला काही कळतं का? नियम गप्प! २०१७च्या एका पूरक पुस्तकाने एवढंच सांगितलं की, ज्या मंत्राचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, तो आपल्यावर चालल्याचं सावजाला बहुधा कळत नाही.

सगळ्यात मजेशीर नियम २००३च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीतला. ज्याने मंत्र परतवून लावला, त्याच्या अंगावर शिरशिरी येते. कुणीतरी काहीतरी वाईट करू पाहत होतं, एवढं त्याला जाणवतं. म्हणजे सुटला त्याला चाहूल लागते आणि सापडला तो मजेत असतो. मग ओळखणार कोण? शेजारचा! मंत्र म्हणायला तोंड लागतं, हात नाचवावे लागतात. दुसरा पहारेकरी शुद्धीवर असला, तर तो हे सगळं बघत असतो.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. श्रावणात घरोघर वाचल्या जाणाऱ्या नवनाथांच्या पोथीत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमतात. एवढे सिद्ध पुरुष, पण आपण कुठे गुंतलो, याचं भान त्यांना राहत नाही. बाहेरून गोरक्षनाथ येतो, मृदंग वाजवतो आणि त्या बोलांनी गुरूला जाग येते. प्रभातने १९३२ साली याच कथेवर ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला होता.

पोथी आणि खेळ बाजूला ठेवले, तरी शास्त्रज्ञांना दिसतं ते फार वेगळं नाही. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि त्यातला सर्वांत चांगला निवडायला सांगितलं. चारही जोड अगदी सारखेच! तरीही ४० टक्के लोकांनी उजवीकडचा शेवटचा जोड उचलला. डावीकडचा पहिला आवडला फक्त १२ टक्क्यांना. का आवडला, असं विचारल्यावर त्यांनी पोत, विणकाम अशी कारणं दिली. जागेचा परिणाम झाला असेल का, असं स्पष्ट विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांनी झटकून टाकलं. साडीच्या दुकानात चौथी घडी उलगडल्यावर ‘हीच!’ म्हणणाऱ्यांनी या लोकांना हसू नये.

अलीकडे ‘डिजिटल अटक’ नावाने जी लूट चालते, तिच्यातही हेच. पोलीस किंवा सीबीआयचं नाव सांगून व्हिडिओ कॉल येतो आणि पहिली ताकीद मिळते ती खोलीतून न हलण्याची, घरात कुणालाही न सांगण्याची. दुसरा पहारेकरीच दूर ठेवायचा! कायद्यात अशी अटक मुळात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं, तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तरी माणसं फसतात. ती अडाणी असतात असंही नाही, बंगळुरूतल्या संगणक अभियंत्यांनीही पैसे घालवले आहेत.

फरक पुढे पडतो. खेळातला पहारेकरी शुद्धीवर येतो तो तलवार उपसूनच, मांत्रिकाच्या अंगावर. खरा फसलेला माणूस मात्र स्वतःवरच चिडतो. चार दिवस घरात सांगत नाही. सांगितलंच तर ‘त्यांनी काहीतरी हुंगवलं, रुमाल फिरवला’ असं सांगतो. दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणत दारात येणाऱ्या भामट्यांच्या किती गोष्टींत हा रुमाल आहे! कधी खरंच गुंगीचं औषध असेलही. पण पुष्कळदा नुसतं गोड बोलणं पुरलेलं असतं आणि रुमाल नंतर येतो, घरच्यांच्या ‘तुला एवढंही कळलं नाही?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून.

मारतहळ्ळीच्या त्या फ्लॅटमध्ये पोहे संपत आले आहेत. डीएमने निकाल दिला आहे: मोहिनी उतरली, पहारेकऱ्याला सगळं कळलं.

‘मग आता त्याची नोकरी जाणार?’ आई विचारते.

‘अगं आई, त्याचं काय घेऊन बसलीस? तो आता आमच्या मागे लागणार!’

‘लागू दे की. त्याची काय चूक?’ आई बशा गोळा करते. उजव्या मनगटात काचेच्या चारच बांगड्या आहेत. सोन्याच्या दोन होत्या, त्या कुठे गेल्या हे मुलाला लहानपणापासून ठाऊक आहे. रुमालासकट. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबते.

‘आणि तो दुसरा पहारेकरी कुठे होता रे तेव्हा?’

चौघेही डीएमकडे बघतात. तो कागद चाळतो. दुसऱ्या पहारेकऱ्याचा विचार त्याने केलेलाच नसतो.

‘थांबा काकू,’ तो म्हणतो आणि फासा उचलतो.